शेजारी खोटी तक्रार करतो तेव्हा

चौकीवरून फोन येतो. “तुमच्याविरुद्ध अर्ज आलाय, संध्याकाळी येऊन जा.” अर्ज कोणी दिला, कशाबद्दल दिला, हे फोनवर सांगत नाहीत. ज्या माणसाने पासपोर्टच्या पडताळणीखेरीज पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही, त्याच्या गळ्याखाली त्या दिवशी घास उतरत नाही. गेल्यावर कळते की अर्ज शेजारच्याच दारातून आला आहे. आपण शिवीगाळ केली, अंगावर धावून गेलो, ‘बघून घेईन’ म्हणालो, असे त्यात लिहिलेले असते. ज्या तारखेला हे घडले म्हणतात, त्या तारखेला आपण कदाचित गावातही नसतो.

अशा वेळी पहिली उबळ येते ती शेजाऱ्याच्या दारावर जाऊन जाब विचारण्याची. ती आवरा. कालपर्यंत जी धमकी फक्त कागदावर होती, ती जिन्यात चार जणांच्या देखत खरी होऊन बसते. दुसरी उबळ उलट तक्रारीची: त्याने एक टाकली, आपण दोन टाकू. तीही आवरा. दोन्ही बाजूंचे अर्ज एकाच टेबलावर आले की खरे-खोटे तपासण्याची निकड कोणालाच राहत नाही. ‘दोन्ही बाजू भांडखोर’ असा शेरा पडतो आणि पुढची कारवाई दोघांवर सारखीच होते. खोट्या तक्रारीला उलट तक्रार हे उत्तर नाही. ज्या कार्यालयात तक्रार गेली त्याच कार्यालयात, त्याच आठवड्यात, पोच घेऊन दिलेला तारीखवार आणि शांत भाषेतला कागद हे तिचे खरे उत्तर आहे. या प्रकरणात पुढे जे येईल ते याच्याच आधाराने.

आधी आपल्याविरुद्ध नेमके काय नोंदवले गेले आहे ते विचारून घ्या. शेजाऱ्यांच्या भांडणातले बहुतेक अर्ज ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, याच्या पुढे जात नाहीत. जुन्या दंड संहितेतली ३२३, ५०४, ५०६ ही तिकडी चाळीत आणि सोसायटीत अनेकांना तोंडपाठ असे: साधी मारहाण, शांततेचा भंग होईल असा अपमान, धमकी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हीच कलमे अनुक्रमे ११५(२), ३५२ आणि ३५१ झाली. आकडे बदलले, पण अदखलपात्र नोंदीचा नियम तोच आहे: दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यात तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. ‘एनसी पडली, आता पासपोर्ट गेला’ या भीतीने लोक रात्र-रात्र जागतात. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात अडथळा सांगितला आहे तो फौजदारी न्यायालयात प्रलंबित असलेल्या कार्यवाहीचा. ठाण्याच्या वहीतली एनसी म्हणजे खटला नव्हे.

दखलपात्र गुन्हा, म्हणजे एफआयआर, ही वेगळी गोष्ट. तिथेही एक गैरसमज माणसाला आतून खचवतो. गुन्हा दाखल झाला म्हणजे पोलिसांचा शेजाऱ्यावर विश्वास बसला, असे वाटते. तसे नसते. २०१३ च्या ललिताकुमारी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अर्जातून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. प्राथमिक चौकशी करायची ती मोजक्या प्रकारांत. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने त्यात थोडी जागा करून दिली. तीन वर्षे किंवा त्याहून जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. तुमचा लेखी खुलासा याच १४ दिवसांत टेबलावर पोचला तर त्याचे मोल सर्वाधिक असते. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, हे २०१४ च्या अर्नेशकुमार निकालाने घालून दिले आहे. अशा वेळी पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देतात. ती आली तर दिलेल्या तारखेला हजर राहा, कारण नोटीस न पाळणे हेच पुढे अटकेचे कारण होऊ शकते. एफआयआरची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावर २४ तासांत टाकावी असा २०१६ चा आदेश आहे, संवेदनशील गुन्हे वगळून. आरोप गंभीर असेल, विनयभंगाचा, बालकाबाबतचा किंवा अॅट्रॉसिटीचा असेल, तर हे पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी फौजदारी वकील गाठा.

आता जबाबाकडे येतो, कारण साधी माणसे सर्वात जास्त इथे अडकतात. हवालदार विचारतो, तुम्ही सांगता, तो टंकतो. तुम्ही म्हणता, “त्या दिवशी थोडी बोलाचाली झाली होती, पण मी हात लावला नाही.” कागदावर येते, “सदर दिवशी आमच्यात वाद झाला.” हात लावला नाही हे वाक्य राहून जाते. त्यात वाईट हेतू असतोच असे नाही. त्याला दिवसभरात असे दहा जबाब उरकायचे असतात आणि त्याची भाषा ठरून गेलेली असते. जबाबाच्या शेवटी एक ठरावीक वाक्य असते: माझा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे. सहीपूर्वी हे वाक्य शब्दशः खरे करा. चष्मा विसरला असेल तर घरून मागवा. राहिलेले वाक्य घालायला सांगा. ‘नंतर बघू’ असे उत्तर मिळाले तर आग्रह सोडू नका, आवाजही चढवू नका. दुसऱ्या दिवशी आपला स्वतंत्र लेखी खुलासा आवक विभागात द्या आणि दुय्यम प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. तपासात जबाबासाठी बोलावताना स्त्रियांना, १५ वर्षांखालील मुलांना आणि ६० वर्षांवरील पुरुषांना घराबाहेर येण्याची सक्ती करता येत नाही. पूर्वी ही वयोमर्यादा ६५ होती, नव्या संहितेने ती ६० केली. घरातले आजोबा काठी टेकत चौकीत बाकावर बसलेले दिसतात, त्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

खुलासा कसा लिहायचा ते एका उदाहरणाने पाहू. समजा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी लिहिले आहे की १४ तारखेला रात्री साडेअकराला तुम्ही त्यांच्या दारावर लाथा मारल्या. संतापलेला माणूस लिहितो: “सदर महिला नेहमीच सर्व रहिवाशांना त्रास देत असून त्यांचा स्वभाव भांडखोर आहे, त्यांनी यापूर्वीही अनेकांना छळले आहे.” या वाक्यातून अधिकाऱ्याला एकच गोष्ट समजते, तुमचेही त्यांच्याशी वैर आहे. त्याऐवजी एवढेच लिहा: “१४ तारखेला मी रात्रपाळीला होतो. कारखान्याच्या हजेरीपटाप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा मी कामावर होतो, त्याची प्रत सोबत जोडली आहे. आमच्या इमारतीच्या जिन्यात सोसायटीचा कॅमेरा आहे. १४ तारखेचे चित्रण जपून ठेवावे, असा अर्ज मी सचिवांना १६ तारखेला दिला आहे, त्याची पोच सोबत आहे. अर्जदार आणि माझ्यात छताच्या गळतीवरून मार्च महिन्यापासून पत्रव्यवहार चालू आहे, त्या पत्रांच्या प्रती जोडल्या आहेत.” शेजारणीच्या स्वभावाबद्दल यात एक अक्षर नाही. तरीही तक्रार का झाली असावी हे वाचणाऱ्याला शेवटच्या वाक्यात दिसते, आणि ते त्याचे त्याला दिसले म्हणजे जास्त पटते.

कॅमेऱ्याचे चित्रण ही घाईची बाब आहे. बहुतेक यंत्रे काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चढवतात. आपण धावपळ करेपर्यंत पुरावा पुसला गेलेला असतो. आणि चित्रणाची नुसती नक्कल पेनड्राइव्हवर दिली म्हणजे काम झाले असेही नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की वेळ टळल्यावर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावर येऊन ठेपला होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२० साली न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ यंत्रच हजर केले नसेल तर नकलेसोबत प्रमाणपत्र लागतेच. या प्रमाणपत्राचे कलम आता साक्ष अधिनियमात ६३ क्रमांकावर आहे. म्हणून ज्या फोनवर ध्वनिमुद्रण किंवा फोटो आहे तो फोन विकू नका, बदलू नका. सोसायटीकडून चित्रण घेताना सचिवांची सही असलेले प्रमाणपत्र मागा. स्वतःचा कॅमेरा लावायचा तर त्याचे तोंड आपल्याच उंबरठ्याकडे ठेवा. शेजाऱ्याच्या दारा-खिडकीकडे वळलेला कॅमेरा त्याच्या हातात खरी तक्रार देतो.

यापुढचा टप्पा म्हणजे ‘चॅप्टर’. वारंवार एनसी झाल्या की पोलीस शांतताभंगाचा अहवाल कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे पाठवतात. पूर्वीचे कलम १०७, आता नागरिक सुरक्षा संहितेत १२६. आयुक्तालयाच्या हद्दीत हे काम सहायक पोलीस आयुक्त बघतात, तालुक्यात तहसीलदार. नोटीस येते: एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचे बंधपत्र का घेऊ नये, याचे कारण दाखवा. अनेक जण ‘सही करून मोकळे होऊ’ म्हणून पहिल्याच तारखेला बंधपत्र देतात. मला हे पटत नाही. बंधपत्र म्हणजे शिक्षा नव्हे हे खरे, पण ते दिल्यावर पुढचे वर्षभर शेजाऱ्याच्या प्रत्येक नव्या अर्जाचे वजन वाढते आणि रक्कम जप्त होण्याची टांगती तलवार राहते. नोटिशीत आपल्याविरुद्धच्या माहितीचा सारांश, बंधपत्राची रक्कम आणि मुदत लिहिलेली असलीच पाहिजे. नसेल तर तेच पहिल्या उत्तरात मांडा. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही आणि दंडाधिकाऱ्याने विशेष कारणे नोंदवून मुदत वाढवली नाही, तर ती कार्यवाही आपोआप संपते. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे फार चालते. ती स्वतःहून जाणाऱ्यासाठी आहे. ज्याच्या नावाने नोटीस आली त्याने पायरी चढलीच पाहिजे, आणि तारखेच्या आधी तयारीने.

पोलिसांनी दाद दिली नाही तर शेजारी थेट दंडाधिकाऱ्याकडे खासगी फिर्याद देऊ शकतो. इथे नव्या संहितेने एक मोठी सोय केली आहे. कलम २२३ प्रमाणे, ज्याच्याविरुद्ध फिर्याद आहे त्याला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय दंडाधिकाऱ्याने तिची दखल घ्यायची नाही. पूर्वी समन्स हातात पडेपर्यंत माणसाला पत्ता नसे. पोलिसांना तपासाचा आदेश द्या असा अर्ज करायचा तर त्याला प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. ही अट २०१५ च्या प्रियांका श्रीवास्तव निकालातून आली, कारण सूडापोटी असे अर्ज होतात हे न्यायालयाच्या ध्यानात आले होते.

महापालिकेतल्या तक्रारी तशा शांतपणे येतात, पण खर्चात पाडतात. ‘शेजाऱ्याने गॅलरी बंद करून अनधिकृत बांधकाम केले’ असा अर्ज गेला की मुंबईत १८८८ च्या अधिनियमाच्या कलम ३५१ खाली कारणे दाखवा नोटीस येऊ शकते. उत्तराची मुदत दिवसांत मोजायची असते, म्हणून मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत घरात हवीच. नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा: दहा रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. आपल्याविरुद्धच्या तक्रारीची प्रतही याच मार्गाने मागता येते, मात्र तक्रारदाराचे नाव झाकलेले असू शकते. आवाजाच्या तक्रारींचे मोजमाप ठरलेले आहे. २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि तक्रार करायची ती मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तेव्हा. सकाळी आठला लागणाऱ्या मिक्सरबद्दल कोणी अर्ज दिलाच, तर हे आकडे शांतपणे पुढे ठेवावेत.

गावाकडे ही गोष्ट बांधावर घडते. ‘त्याने बांध कोरला’, ‘माझा रस्ता अडवला’, ‘विहिरीवरची मोटार काढून नेली’. शहरात निदान शेजारी बदलता येतो, पण वाडवडिलांची जमीन सोडून शेतकरी कुठे जाणार? म्हणून इथली खोटी तक्रार जास्त जिव्हारी लागते आणि दोन-दोन पिढ्या चालते. तिला तोडगा साक्षीदारांचा नाही, मोजणीचा आहे. भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर मोजणीचा अर्ज द्या. मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांनाही जाते, त्यामुळे शेजाऱ्याला नंतर ‘माझ्या माघारी केले’ म्हणता येत नाही. हद्दीच्या खुणा दाखवलेली ‘क’ प्रत हाती आली की ‘बांध कोरला’ या आरोपावर तोंडी वाद उरत नाही. पिकाआधी आणि पिकानंतर बांधाचे फोटो काढून ठेवणारे शेतकरी आहेत, त्यांचे मला कौतुक वाटते. १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ज्या गावात समिती आजही खरोखर बसते, तिथे आधी तिच्यासमोर बसावे. आणि समितीसमोर जे ठरले ते लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

‘खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा नाही का?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आहे. लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इजा करण्याच्या हेतूने खोटा आरोप ठेवल्यास कलम २४८ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर आरोपात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण २१७ खाली न्यायालय दखल घेते ती त्या लोकसेवकाच्या लेखी फिर्यादीवरून. आपण थेट फिर्याद लावू शकत नाही. शिवाय आरोप सिद्ध झाला नाही एवढ्याने तो खोटा ठरत नाही. तक्रारदाराला तो खोटा आहे हे ठाऊक होते, हे दाखवावे लागते. बदनामीच्या कायद्यात तर, योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा अपवादच आहे. कायदा मुद्दाम असा आहे, आणि तो तसाच असावा. खोट्या तक्रारीची शिक्षा सोपी केली तर मार खाणारी सून आणि सावकाराने नाडलेला शेतकरी चौकीची पायरी चढायला धजणार नाहीत. आपल्याला झालेल्या मनस्तापापोटी त्यांची वाट बंद करा, असे मी म्हणणार नाही.

म्हणून सूड हे ध्येय ठेवू नका. निव्वळ आकसाने दाखल झालेला गुन्हा उच्च न्यायालयात रद्द होऊ शकतो. हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल या निकालातल्या सात प्रकारांपैकी सातवा तोच आहे. खटला चालून तुम्ही सुटलात, किंवा तो तुमच्या बाजूने संपला, तर वाजवी कारणाशिवाय आणि आकसाने खटला भरल्याबद्दल दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते. त्याची मुदत फक्त एक वर्ष आहे. निर्दोष सुटल्याच्या आनंदात ती निघून जाते.

एक गोष्ट मात्र निवळलेल्या मनाने तपासा. खोट्या अर्जाच्या तळाशी पुष्कळदा एक खरी कुरबूर असते: मोरीतून झिरपणारे पाणी, गाडी लावण्याची जागा, कुंड्यांचे थेंब. लाथा मारल्याचा आरोप खोटा असतो, पण छत खरेच गळत असते. ती गळती थांबवली की पुढचे अर्ज बऱ्याचदा आपोआप थांबतात. दुरुस्ती करा, मात्र ‘आमची चूक मान्य’ असे न लिहिता ‘शेजारधर्म म्हणून काम करून देत आहोत’ असे लिहून करा. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात शेजारपाजारच्या शांततेला बाधा आणणाऱ्या वादांसाठी, दोघांच्या संमतीने, तीन मध्यस्थांसमोर बसण्याची तरतूद केली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच असते. तिथे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, अपंगांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न कितीही असले तरी वकील मोफत मिळतो. चौकीवरून फोन आला आणि कोणाला विचारावे हे सुचत नसेल, तर १५१०० हा क्रमांक फिरवा.